त्रिवेदी सरांनी न वाचता केलेली सही

"शिर्केबेन, आ शुं छे?" असं म्हणत आमच्या प्रिन्सिपॉल त्रिवेदी सरांनी आपला मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

सकाळचे साडेसात झाले होते. प्रार्थना नुकतीच संपली होती आणि मी मस्टरवर सहीसुद्धा केली नव्हती. मोबाईलवर एका कागदाचा फोटो होता. वर आमच्या शाळेचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर, की नवरात्रात गरबा खेळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शाळा रोजच्यापेक्षा दोन तास उशिरा भरेल. त्याखाली प्रिन्सिपॉलची सही आणि शाळेचा गोल शिक्का.

सही खरी होती. शिक्काही खरा होता.

"बसवाल्याचा फोन आला. ट्रस्टींचा आला. माझ्या मेव्हण्याच्या बायकोचा आला," सर म्हणाले. "सगळे माझं अभिनंदन करतायत. आणि मी काय केलंय हे मलाच ठाऊक नाही!"

मला ठाऊक होतं. कारण त्या कागदावर सही कुठे करायची याची पेन्सिलीची बारीक खूण मीच केली होती.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते. बडोद्यात गोरव्याच्या एका इंग्रजी शाळेत मी सव्वीस वर्षं सामाजिक शास्त्रं शिकवते. माहेर पाणीगेटचं, सासर वासण्याचं. माझे खापरपणजोबा संस्थानाच्या पागेत, म्हणजे घोडदळात होते. त्या शूर घराण्यातून माझ्या वाट्याला फक्त आवाज आला, पण चव्वेचाळीस मुलांच्या वर्गात तोच उपयोगी पडतो. सरांशी माझं बोलणं गुजराती, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ करून चालतं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याला दुभाष्या ठेवावा लागेल.

आठवीला नागरिकशास्त्र असतं. संसद, कायदा कसा होतो, न्यायालय, मूलभूत हक्क. वर्षाच्या शेवटी याची उजळणी करायची ठरलेली रीत म्हणजे question bank. म्हणजे साठ प्रश्न आणि साठ उत्तरं, झेरॉक्स काढून वाटायची. मुलं ती घोकतात, पेपरात ओकतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरतात. मागच्या वर्षी एकाने लिहिलं होतं की राज्यसभा फक्त पावसाळ्यात भरते. त्याने कुठेतरी 'पावसाळी अधिवेशन' वाचलं होतं. मी तो पेपर तपासताना इतकी हसले की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. मग हसू ओसरलं आणि मला माझीच लाज वाटली. अख्खं वर्ष मी शिकवलं होतं ना त्याला!

म्हणून यंदा मी सरांकडे गेले आणि म्हणाले, "मला उजळणीला आठ पिरियड द्या. Question bank नको. मी वर्गाची संसद करते."

त्रिवेदी सर मूळचे गणिताचे. नागरिकशास्त्र म्हणजे पोपटपंची, असं त्यांचं मत. ते म्हणाले, "आठ देतो. पण कुठे गोंधळ झाला, एका जरी पालकाचा फोन आला, तर उरलेले पिरियड गणिताला. आणि पुढच्या वर्षीपासून हे नाटक कायमचं बंद."

"मंजूर," मी म्हणाले. जाता जाता हेही विचारलं, "आणि तुम्ही राष्ट्रपती व्हाल ना, सर?"

"हा हा, चालेल," ते म्हणाले. त्या वेळी ते कशावर तरी सह्या करत होते. हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. तीस जण लोकसभा, दहा जण राज्यसभा, एक सभापती आणि तीन न्यायाधीश. राज्यसभा मागच्या बाकांवर बसवली. ध्रुव नावाचा मुलगा सभापती झाला. तो वर्गात सगळ्यात जास्त बोलतो, आणि आता इतरांना गप्प बसवायचं काम त्याच्याकडे आलं. मुख्य न्यायाधीशाची चिठ्ठी निघाली उर्वीला. ही मुलगी वर्षभरात माझ्या तासाला एकदाही तोंड उघडून बोलली नव्हती. सहामाहीत तिने अर्धा पेपर कोरा दिला होता. चिठ्ठी उघडून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भर चौकात गाडी चालवायला सांगितली आहे. मी म्हटलं, "बघ बाई, न्यायाधीशाला फक्त ऐकायचं असतं. ते तुला येतं."

विधेयक म्हणजे कायदा होण्याआधीचा कच्चा मसुदा. ते मुलांच्या स्वतःच्या जगण्यातलं हवं, एवढीच माझी अट होती. पहिलं विधेयक आलं गणित बंद करण्याचं. ध्रुवने ते नियमबाह्य ठरवलं. दुसरं रोज समोसा मिळावा असं होतं, ते राज्यसभेनेच पाडलं, कारण राज्यसभेला दाबेली हवी होती. मग कोणीतरी नवरात्र काढलं आणि वर्ग एकदम सरसावून बसला.

बडोद्यात नवरात्र म्हणजे काय ते बडोदेकरालाच विचारावं. नऊ रात्री सगळं गाव गोल फिरतं. आमची शाळा सात दहाला भरते. पाचव्या दिवसापासून पहिल्या पिरियडला निम्मा वर्ग बाकावर डोकं टेकून असतो, आणि खरं सांगायचं तर खुर्चीवर मीही फार ताठ बसलेली नसते. त्यामुळे लोकसभेत विधेयक दणक्यात मंजूर झालं. राज्यसभेने दोन तास की एक तास यावर अख्खा पिरियड वाद घातला. एक मुलगी म्हणाली, "दोन तास मागा, निदान एक तरी मिळेल." हिला राजकारण कोणी शिकवलं देव जाणे. शेवटी दोन तासांवर शिक्कामोर्तब झालं.

आता राष्ट्रपतींची सही हवी होती. आमच्या शाळेत सहीची एक पद्धत आहे. दिवसभराचे सगळे कागद एका फाईलमध्ये जातात. सही हवी तिथे प्रत्येकाने पेन्सिलीची खूण करायची. दुपारी चहाबरोबर ती फाईल शिपाई रमणभाई सरांपुढे ठेवतात आणि सर खुणांवर सह्या करत जातात. चहा संपेपर्यंत फाईल संपते. मग रमणभाई सही झालेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारतात. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

मी विधेयक फाईलमध्ये घातलं. पेन्सिलीची खूण केली. सरांना वर जाऊन सांगायचं ठरवलं होतं, की हे मुलांच्या खेळातलं आहे, जरा वाचा, हवं तर परत पाठवा, मुलांना मजा येईल. पण त्या दिवशी प्रगतिपुस्तकांचं काम निघालं आणि मी साफ विसरले. चूक माझी, शंभर टक्के.

दुसऱ्या दिवशी सही-शिक्क्यासह कागद आला तेव्हा वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. ध्रुवने विचारलं, "मॅम, आता?" मी सांगितलं की सही झाली की कायदा राजपत्रात छापतात. राजपत्र म्हणजे सरकारचं अधिकृत जाहीर पत्रक. "मग शाळेचं राजपत्र कोणतं?" मी पुस्तकं आवरता आवरता म्हणाले, "नोटीस बोर्ड." तेवढ्यात घंटा झाली.

पोरांनी नेऊन लावला ना नोटीस बोर्डवर! दुसऱ्या दिवशी शनिवार, पालकसभेचा. नेमका मला ताप आला म्हणून मी घरी होते. रविवारी नवरा मोबाईल बघत म्हणाला, "तुझ्या शाळेने नवरात्राचं टायमिंग बदललं म्हणे. सोसायटीच्या ग्रुपवर आलंय." मला वाटलं तो माझी फिरकी घेतोय, म्हणून मी कूस बदलून झोपले.

तर सोमवारी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये उभी होते आणि हे सगळं त्यांना सांगत होते. काही लपवलं नाही. सर ऐकत होते आणि त्यांचे कान लाल होत होते.

"म्हणजे मी न वाचता सही केली, हे आता अख्ख्या बडोद्याला कळलं," ते म्हणाले.

"चूक माझी आहे, सर. मी सांगायला हवं होतं."

"ती नोटीस काढा. पालकांना मेसेज मी पाठवतो, की हा वर्गातला उपक्रम होता. आणि ठरल्याप्रमाणे तुमचे उरलेले चार पिरियड गणिताला. पुढच्या वर्षी question bank."

अट मीच मान्य केली होती. मी नोटीस काढली, घडी केली आणि आठवीच्या वर्गात गेले. मुलांना सांगितलं की सरांनी कायदा रद्द केलाय आणि संसदही आज बंद होतेय. सांगताना माझा तो पागेतला आवाज कुठे गेला कोण जाणे.

आणि मग उर्वी उभी राहिली.

"मॅम, पण ते रद्द करू शकत नाहीत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्या बाकांनी 'काय? काय?' केलं. तिने परत सांगितलं, थोडं मोठ्याने. "सर राष्ट्रपती आहेत ना? मग आवडलं नसेल तर सही करायच्या आधी परत पाठवायचं होतं. एकदा परत पाठवता येतं. सही झाल्यावर नाही."

"मग कोण रद्द करू शकतं?" मी विचारलं.

"संसद!" लोकसभा ओरडली.

"नाहीतर कोर्ट," उर्वी म्हणाली. "घटनेच्या विरुद्ध असेल तरच."

अहो, हे सगळं मी ऑगस्टमध्ये शिकवलं होतं. तेव्हा चव्वेचाळीसपैकी चाळीस जण खिडकीबाहेर बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फळा पुसायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली.

मधल्या सुट्टीत परत केबिनमध्ये गेले. म्हटलं, होऊन होऊन काय होईल, पिरियड तर गेलेच आहेत.

"सर, नोटीस काढली. पण मुलं म्हणतायत की तुम्ही कायदा रद्द करू शकत नाही."

"मी प्रिन्सिपॉल आहे!"

"प्रिन्सिपॉल म्हणून करू शकता. राष्ट्रपती म्हणून नाही. त्यासाठी तुम्हाला कोर्टात जावं लागेल."

या माणसाची एक गोष्ट मला सव्वीस वर्षांत कळली आहे. त्यांना राग चालतो, नुकसान चालतं, पण चुकीची पायरी चालत नाही. "कुठे लिहिलंय? दाखवा," ते म्हणाले. मी पाठ्यपुस्तक उघडून पुढे सरकवलं. ते उभ्याउभ्याच वाचायला लागले. मग खुर्चीवर बसले. मग चष्मा बदलला. मी पुढचा तास घेऊन परत आले तरी ते वाचतच होते, आणि चहा गार झाला होता.

"उद्या कोर्ट किती वाजता भरतं?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या पिरियडला."

"मी येतो. मी जिंकलो तर कायदाही जाईल आणि पिरियडही."

"आणि हरलात तर?"

"तर पिरियड तुमचे. पुढच्या वर्षीचेही. बेन, मी बीजगणित शिकवलंय. समीकरण दोन्ही बाजूंना लिहायचं असतं."

मंगळवारी तिसऱ्या पिरियडला सर वर्गात आले. हातात टिपणांचा कागद. तीन न्यायाधीश माझ्या टेबलामागे बसले होते आणि उर्वी मधोमध. वर्ग नेहमीप्रमाणे 'गुड मॉर्निंग सर' म्हणायला उठला, तर ध्रुव म्हणाला, "कोर्टात न्यायाधीशांसाठी उठतात, सरांसाठी नाही." सगळे खाली बसले. सर उभे राहिले.

सरांनी दोन मुद्दे मांडले. पहिला, आपण ही सही न वाचता केली, म्हणून ती धरू नये. दुसरा, दोन तास उशीर केला तर बसचं वेळापत्रक कोलमडेल.

कायद्याच्या बाजूने ध्रुव होता. नवरात्र, झोप, शरीरस्वास्थ्य, संस्कृती, गुजरातची अस्मिता, त्याने काही म्हणून सोडलं नाही. टाळ्या पडल्या. माझ्या मनात आलं, आपण जिंकतोय.

उर्वीने फक्त एक प्रश्न विचारला. "जे गरबा खेळत नाहीत, त्यांनी सात दहालाच यायचं?"

ध्रुव गडबडला. "हां... म्हणजे, कायद्यात तसंच आहे. पण न खेळणारं आहेच कोण?"

"मी," उर्वी म्हणाली. "मला गरबा येत नाही. मग मी दोन तास वर्गात एकटी बसू?"

वर्ग हसला नाही. आठवीचा वर्ग हसण्याची संधी सोडतो, असं मी फार कमी वेळा पाहिलंय.

तिघांनी वहीआड डोकी घालून पाच मिनिटं खलबत केलं. मग उर्वीने निकाल वाचला. एका कागदावर तिने तो लिहून काढला होता.

"हा कायदा फक्त गरबा खेळणाऱ्यांसाठी आहे. घटनेने सगळ्यांना समानतेचा हक्क दिलाय. म्हणून कोर्ट हा कायदा रद्द करतंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. गेले पिरियड, मी मनात म्हटलं.

"पण," उर्वी पुढे वाचू लागली, "राष्ट्रपतींचे दोन्ही मुद्दे कोर्ट फेटाळतंय. बसचा मुद्दा संसदेत मांडायचा होता. आणि प्रश्न वाचला नव्हता असं आम्ही पेपरात सांगितलं, तर आमचे मार्क कापतात. मग राष्ट्रपतींना सूट कशी देणार?"

सरांच्या चेहऱ्यावर काय येतंय ते सगळे बघत होते. आधी कान लाल झाले. मग मिशी हलली. आणि मग त्रिवेदी सर हसले, पोट धरून, खुर्चीचा आधार घेऊन. सव्वीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग काय, वर्गाचा बांधच फुटला.

बाहेर व्हरांड्यात मी विचारलं, "सर, मग जिंकलं कोण? कायदा तर गेला."

"गेला. पण माझ्या मुद्द्यावर नाही गेला," ते डोळे पुसत म्हणाले. "उत्तर बरोबर, रीत चूक. अशा गणिताला मी शून्य देतो, शिर्केबेन. मी हरलो. पिरियड तुमचे."

मी तिथेच व्हरांड्यात उडी मारायची बाकी होते. गुडघे आठवले म्हणून थांबले.

उरलेल्या पिरियडमध्ये संसदेने नवं विधेयक आणलं. नवरात्रात शाळा सगळ्यांसाठीच अर्धा तास उशिरा भरावी. या वेळी मी ते सरांच्या हातात दिलं. ते घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी लाल पेनाने भरून परत आलं, "पुनर्विचारासाठी. बसचं काय? परिपाठाचं काय? सुटण्याची वेळ कोणती?" मुलांना इतका आनंद झाला, जणू बक्षीस मिळालं. त्यांनी बसच्या कंत्राटदाराला वर्गात बोलावून त्याची साक्ष घेतली. परिपाठ दहा मिनिटांनी कमी केला. मधली सुट्टी पाच मिनिटांनी कापली, त्यावर राज्यसभेत रडारड झाली, पण विधेयक दुसऱ्यांदा मंजूर झालं. राष्ट्रपतींनी एकदा परत पाठवलेलं विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केलं, की त्यांना सही करावीच लागते. सरांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि सही केली. ट्रस्टींनाही त्यांनीच पटवलं.

वार्षिक परीक्षेत मी सुपरव्हिजनला होते. नागरिकशास्त्राच्या पेपराला उर्वीने हात वर केला. मला वाटलं हिला बरं नाही. तिला पुरवणी हवी होती. मी ती तिच्या बाकावर ठेवली आणि पुढे गेले, कारण परीक्षेत बाईंनी रडलेलं बरं दिसत नाही.

नवरात्र आलं. शाळा खरंच अर्धा तास उशिरा भरली. मुलं तरीही धावतपळत, शेवटच्या मिनिटालाच आली. उर्वी आता नववीत आहे. ध्रुव आणि कंपनीने तिला त्यांच्या सोसायटीत नेऊन दोन टाळ्यांचा गरबा शिकवला, असं कानावर आलं. पहिल्या पिरियडला बाकावर डोकं टेकलेल्यांत एक तीही होती.

सही करण्याआधी कागद वाचावा, हा धडा सरांनी मात्र फारच मनावर घेतला. आता चहा संपतो, फाईल संपत नाही. अष्टमीनंतरच्या दिवसासाठी मी रजेचा अर्ज टाकला होता, कारण 'वैयक्तिक'. खरं कारण माझे गुडघे. अर्ज लाल पेनाने परत आला, "कारण अस्पष्ट. पुनर्विचारासाठी."

मी त्यात एक अक्षर बदललं नाही. तसाच्या तसा परत फाईलमध्ये घातला. दुसऱ्यांदा आलेल्या कागदावर सही करावीच लागते, हे सरांना आता तोंडपाठ आहे.